उपाशी घरचा पाहुणा: हर्पीस विषाणू चेतापेशीत स्वतःची एन्झाइम्स का नेतो?

प्रश्न जीवशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूतलं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम काढून टाकलं तरी तो प्रयोगशाळेतल्या पेशींत मजेत वाढतो, म्हणून पुस्तकात त्याला 'अनावश्यक' म्हटलं आहे. मग विषाणूने ते बाळगलंय कशाला? चेतापेशींच्या संसर्गात अशा एन्झाइम्सचा हात किती? आणि औषध याच एन्झाइमच्या जिवावर चालतं, तर दुखणं कायमचं का जात नाही?"

ओठावर फोड आणणाऱ्या आणि मधल्या काळात चेतापेशींत झोपून राहणाऱ्या या विषाणूच्या संगतीत मी वीसेक वर्षं काढली, आधी पेशींच्या थाळ्यांवर आणि पुढे उंदरांच्या चेतापेशींवर. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

पहिली गोष्ट, 'अनावश्यक' हा शब्द कुठून आला ते बघा. विषाणूचं एकेक जनुक मोडायचं, तो विषाणू थाळीतल्या पेशींवर सोडायचा आणि वाढतो का ते पाहायचं, अशी ती पद्धत. थाळीत बहुतेक वेळा असतात व्हेरो पेशी, म्हणजे आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या. या पेशी सतत विभागत असतात. विभागणाऱ्या पेशीला स्वतःचा डीएनए दुप्पट करायचा असतो, म्हणून डीएनएचा कच्चा माल, त्याची चार अक्षरं, तिच्याकडे मुबलक असतो. अशा भरल्या घरी विषाणू रिकाम्या हाताने गेला तरी त्याचं काही अडत नाही.

चेतापेशीचं घर निराळं. संवेदी चेतापेशींचं विभाजन जन्माआधीच थांबलेलं असतं. पेशीचं स्वतःचं थायमिडीन कायनेज, म्हणजे थायमिडीनला फॉस्फेट जोडून डीएनएच्या 'टी' अक्षराची सोय करणारं एन्झाइम, मुख्यतः डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्यातच तयार होतं. तो टप्पाच येणार नसेल तर एन्झाइम बनवायचं कशाला? मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, गरजेपुरती थोडी व्यवस्था चालू असते, बाकी कोठार रिकामं. आणि आपला पाहुणा खादाड आहे. पोलिओच्या विषाणूचा जीनोम साधारण साडेसात हजार अक्षरांचा, एचआयव्हीचा दहा हजारांच्या आतला. हर्पीस सिम्प्लेक्स-१ चा सुमारे १ लाख ५२ हजार जोड्यांचा. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती काढायच्या तर तेवढा माल रिकाम्या कोठारातून मिळणार नाही. म्हणून हा गडी शिदोरी बांधून निघतो. त्याच्या ऐंशीच्या आसपास जनुकांपैकी कितीतरी जनुकं अशा एन्झाइम्सची आहेत जी पेशीकडेही असतात, पण विभागत असताना. यादी समोर ठेवली की ती विश्रांत पेशीत काय काय कमी पडतं त्याचीच यादी वाटते.

थायमिडीन कायनेजवर जरा थांबते, कारण सगळ्यात स्वच्छ पुरावा तिथे आहे.

प्रयोग असा. उंदराच्या डोळ्याच्या बुबुळावर विषाणू लावतात. तो तिथे वाढतो, मग ट्रायजेमिनल चेतेतून मागे जाऊन कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, पोहोचतो. महिनाभर थांबायचं. मग गँग्लियन काढून कुटून पाहिलं तर जिवंत विषाणूचा कण सापडत नाही. पण तोच पुंजका अख्खा किंवा दोन-तीन तुकडे करून व्हेरो पेशींच्या थरावर ठेवला, तर काही दिवसांत त्याच्या कडेच्या पेशी गोल होऊन सुटायला लागतात, थरात भोकं पडतात. झोपलेला विषाणू उठला. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहायची सवय लागते. एखाद्या दिवशी भोक पहिल्यांदा दिसतं तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

आता थायमिडीन कायनेज मोडलेला विषाणू वापरा. दोन आठवडे पाहत बसलं तरी थर तसाच शाबूत. माझ्या हातून हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं संसर्गच नीट लागला नाही, आणि मी अख्खी तुकडी फेकून देणार होते. सोबतच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने हात धरला आणि त्याच गँग्लियनांचे काप तपासायला लावले. सुप्त विषाणूची खूण असलेला आरएनए चेतापेशींच्या केंद्रकांत व्यवस्थित दिसत होता. म्हणजे विषाणू आत गेला होता, घर करून बसलाही होता, फक्त उठून वाढू शकत नव्हता. हेच १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून पक्कं झालं होतं, मी वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि रिकामी थाळी समोर असणं वेगळं. पुढे असंही दिसलं की अशा गँग्लियनच्या माध्यमात बाहेरून थायमिडीन घातलं तर लुळा पडलेला विषाणू बऱ्याच अंशी उठतो. घरात दाणा आला, पाहुणा जेवला. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा?

एक इशारा इथेच देते. गँग्लियन कापून काढणं म्हणजे त्या चेतापेशींचे लांब तंतूच तोडणं. एवढा मोठा धक्का माणसाला ताप आल्यावर किंवा ऊन लागल्यावर बसत नाही. थाळीतलं उठणं आणि ओठावर फोड येणं यांना एकच समजू नका.

माणसातला पुरावा औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूंकडून आला, आणि तो गमतीदार आहे. अॅसायक्लोविर हे औषध आत जाताना निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट जोडण्याचं काम विषाणूचं थायमिडीन कायनेज करतं, पुढचे दोन पेशीची एन्झाइम्स जोडतात. तयार झालेलं रूप विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे नक्कल काढणाऱ्या एन्झाइमला, अक्षर म्हणून गळाला लागतं, पण पुढचं अक्षर जोडायला लागणारा हुकच त्यात नसतो, आणि साखळी तिथेच खुंटते. संसर्ग नसलेल्या पेशीत पहिला फॉस्फेट जवळजवळ लागतच नाही, म्हणून औषध सहसा सोसतं. हे ज्यांच्या प्रयोगशाळेत उभं राहिलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत.

मग विषाणूने थायमिडीन कायनेज टाकून दिलं की औषध निकामी. दाद न देणाऱ्या बहुसंख्य विषाणूंत बदल याच जनुकात सापडतो. तरीही प्रतिकारशक्ती धड असलेल्या माणसांत असे विषाणू फारसे पसरत नाहीत, कारण औषधातून सुटका होते पण चेतापेशीत उपासमार होते. मग ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे अशा रुग्णांत ते पुन्हा पुन्हा कसे उठतात? या जनुकात एका जागी 'जी' हे अक्षर सलग सात वेळा येतं. अशा जागी नक्कल करताना घसरायला होतं आणि आठवा 'जी' घुसतो. तिथून पुढचं वाचन विस्कटतं, एन्झाइम निकामी. पण रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, तेही त्याच जागी कधी कधी पाय घसरून योग्य रांगेत परत येतो, आणि खऱ्या एन्झाइमचे मोजके रेणू तयार होतात. १९९४ साली रुग्णातून वेगळ्या केलेल्या अशा एका विषाणूत हे दाखवलं गेलं. तेवढं थेंबभर एन्झाइम औषधाला पकडायला पुरत नाही, पण उंदराच्या गँग्लियनमधून उठायला पुरतं. सात 'जी'ची ती रांग विषाणूने टिकवून का ठेवली असेल, यावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्यात.

बाकीच्या शिदोरीकडे भराभर जाते. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम आरएनएच्या अक्षरांपासून डीएनएची अक्षरं बनवतं. ते मोडलं तर विभागणाऱ्या पेशींत विषाणूचं निभावतं, पण उंदराच्या मेंदूत तो जवळजवळ निरुपद्रवी होतो. डीयूटीपेज आणि युरेसिल डीएनए ग्लायकोसिलेज ही दोन एन्झाइम्स डीएनएमध्ये 'यू' हे परकं अक्षर राहू नये याची काळजी घेतात. पहिलं त्याला आत शिरू देत नाही, दुसरं शिरलेलं उपटून काढतं. हे एवढं महत्त्वाचं का? डीएनएमधलं 'सी' आपोआप झिजून 'यू' होत असतं. विभाजन थांबलेल्या चेतापेशीकडे ते दुरुस्त करायची यंत्रणा तोकडी, आणि विषाणूला तिथे वर्षानुवर्षं पडून राहून पुन्हा नक्कल करायची असते. १९९० च्या दशकात उंदरांवर झालेल्या कामांत ही दोन्ही एन्झाइम्स थाळीत अनावश्यक ठरली, पण ती नसलेले विषाणू मज्जासंस्थेत दुबळे पडले आणि सुप्तावस्थेतून नीट उठले नाहीत.

इथवर सगळं खाण्यापिण्याचं झालं. पण पाहुण्याला घरापर्यंत पोहोचायचंही असतं.

ओठाच्या कातडीतल्या चेताग्रापासून गँग्लियनमधल्या पेशीच्या केंद्रकापर्यंतचं अंतर दहा सेंटीमीटर धरा. विषाणूची डीएनए भरलेली डबी, कॅप्सिड, सुमारे १२५ नॅनोमीटर व्यासाची. ती चेतातंतूच्या दाट पेशीद्रवात नुसती तरंगत जाऊ म्हणाली तर एकच सेंटीमीटर कापायला दोनशेहून अधिक वर्षं लागतील, असा हिशेब मांडला गेला आहे. म्हणून ती पेशीच्याच हमालांना धरते. डायनीन हे प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून माल केंद्रकाकडे ओढतं. सेकंदाला एक मायक्रोमीटरचा वेग धरला तरी दहा सेंटीमीटरला एक लाख सेकंद, म्हणजे साधारण २८ तास. डायनीनला पकडणारा हात विषाणूच्या पीयूएल-३६ या अवाढव्य प्रथिनाचा आहे.

याच पीयूएल-३६ च्या टोकाला एक एन्झाइम जोडलेलं आहे, डीयुबिक्विटिनेज. पेशी ज्या प्रथिनाची विल्हेवाट लावायची त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवते. हे एन्झाइम ती चिठ्ठी सोडवतं. डुकरांना होणाऱ्या हर्पीसच्या भाऊबंदावर, स्यूडोरेबीज विषाणूवर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला या साऱ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. त्यात या एन्झाइमचा सक्रिय भाग निकामी केला. निष्कर्ष असा निघाला की कातडीसारख्या बाहेरच्या ऊतीतून मज्जासंस्थेत पहिलं पाऊल टाकायला हे एन्झाइम लागतंच; पण एकदा आत शिरल्यावर एका चेतापेशीतून दुसरीत जायला ते लागत नाही. म्हणजे त्याचा उपयोग फक्त उंबरठा ओलांडण्यापुरता! तोवर मज्जासंस्थेत शिरणं आणि मज्जासंस्थेत पसरणं ही एकाच कौशल्याची दोन नावं आहेत असं बरेच जण, मीसुद्धा, गृहीत धरून चाललो होतो. नेमकी कुठल्या प्रथिनावरची चिठ्ठी सोडवायची असते, हा यातला कळीचा प्रश्न.

आत शिरताना विषाणूचं वरचं आवरण गळतं आणि त्याच्या आतलं प्रथिनांचं अस्तरही सुटतं. कॅप्सिडसोबत तंतूतून प्रवासाला राहतात ती मोजकी प्रथिनं, त्यांत पीयूएल-३६, पीयूएल-३७ आणि यूएस-३ नावाचं एक कायनेज. यूएस-३ चा लौकिक पेशीला आत्महत्येपासून रोखणारं म्हणून आहे. विषाणू आला हे कळताच पेशी स्वतःला संपवून बाकीच्यांना वाचवू बघते, आणि हे कायनेज तिच्या तशा प्रथिनांना फॉस्फेट जोडून तो बेत मोडतं. जिला आयुष्यभराचं घर करायचं, ती पेशी मरून कसं चालेल?

मागे पडणाऱ्यांत व्हीपी-१६ आहे. ते एन्झाइम नाही, पण त्याच्याशिवाय कथा अपुरी राहते. 'कामाला लागा' हा हुकूम विषाणूच्या जनुकांना तेच देतं. कातडीच्या पेशीत ते केंद्रकाजवळच सुटतं. चेतापेशीत मात्र ते दूर तंतूच्या टोकाशी राहतं आणि डीएनए एकटाच केंद्रकात पोहोचतो. हुकूम देणारं कोणी नाही. पेशी त्या परक्या डीएनएवर हिस्टोन या प्रथिनांची वेटोळी चढवून त्याला गप्प करते.

ते वेटोळं उकलायचं काम आयसीपी-० या एन्झाइमकडे. हे उलट्या दिशेचं गिऱ्हाईक, युबिक्विटिन लायगेज. पेशीच्या पहारेकऱ्यांवर मुद्दाम विल्हेवाटीची चिठ्ठी डकवतं. परक्या डीएनएला घेरणाऱ्या पीएमएल प्रथिनाचे केंद्रकातले ठिपके ते बघता बघता विरघळवतं. हिरव्या चमकीने रंगवलेले ते ठिपके काही तासांत नाहीसे होताना मी पाहिले आहेत. चांदण्यांनी भरलेल्या आभाळात ढग यावेत तसं ते वाटतं. पण चेतापेशीकडे मायक्रोआरएनए-१३८ हा छोटा आरएनए भरपूर असतो आणि तो आयसीपी-० चीच मुस्कटदाबी करतो. गंमत अशी की विषाणूच्या आयसीपी-० च्या संदेशात त्याला धरायच्या जागा आहेत. सुप्तावस्था ही एकट्या पेशीची जीत मानू नका. विषाणूने तिला संमती दिलेली दिसते. चेतापेशीत लगेच धिंगाणा घातला तर यजमानही जातो आणि पाहुणाही.

तिसरा प्रश्न आता सोपा होतो. सुप्त विषाणू केंद्रकात डीएनएचं एक वर्तुळ बनून पडलेला असतो. त्या काळात ठळकपणे बनतो तो लॅट नावाचा आरएनए, १९८७ मध्ये ओळखला गेलेला. थायमिडीन कायनेज नाही, पॉलिमरेज नाही. अॅसायक्लोविरला चेतवणारं एन्झाइम नाही आणि त्याने अडवायची नक्कलही चालू नाही. बंद कारखान्यापुढे संप पुकारल्यासारखं. विषाणू उठला की औषध कामाला येतं. झोपला की नाही. म्हणून गोळ्यांनी फोड लवकर भरतात, रोज घेतल्या तर खेपा कमी होतात, पण भाडेकरू घर सोडत नाही. फॅमसायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर यांचंही तेच. विषाणूच्या हेलिकेज-प्रायमेज या दुहेरी एन्झाइमवर चालणारी नवी औषधं, उदाहरणार्थ जपानमध्ये २०१७ साली नागिणीसाठी मान्य झालेलं अमेनामेविर, थायमिडीन कायनेजची वाट पाहत नाहीत, त्यामुळे दाद न देणाऱ्या विषाणूंवर त्यांची आशा आहे. मात्र झोपलेल्या डीएनएपुढे तीही हतबलच.

झोपलेल्या डीएनएवरच घाव घालायचा तर एन्झाइम आपल्याला पाठवावं लागेल. विषाणूच्या जीनोममधली ठरावीक जागा कापणारी मेगान्यूक्लिएजेस निरुपद्रवी वाहक विषाणूंतून उंदरांच्या चेतापेशींत सोडली, तेव्हा मानेतल्या एका गँग्लियनमधला सुप्त विषाणू ९० टक्क्यांहून अधिक घटला, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. उंदीर आहे, माणूस नाही, हे विसरू नका. पण या कल्पनेला मी हसत नाही, आणि पूर्वी हसायचे.

एका ठिकाणी मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून घाई करायची असते. हर्पीस मेंदूज्वर क्वचित होतो, वर्षाला दर दहा लाखांत दोन ते चार जणांना, पण उपचाराविना त्यातले सुमारे ७० टक्के दगावतात. ताप, वागण्यात अचानक बदल, असंबद्ध बोलणं, झटके असं एकत्र दिसलं की शिरेतून अॅसायक्लोविर लगेच सुरू करतात, मणक्यातल्या पाण्याच्या पीसीआर अहवालासाठी अडून राहत नाहीत. मोठ्यांत साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस, आणि मूत्रपिंडात औषधाचे स्फटिक साचू नयेत म्हणून पुरेसं पाणी. पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर नकारात्मक येऊ शकतो. लक्षणं बोलत असतील तर तो पुन्हा करतात. यात तुमच्या एन्झाइमचा भाग एवढाच की मेंदूतला विषाणू त्या वेळी जागा असतो, थायमिडीन कायनेज भरभरून बनवत असतो, म्हणूनच औषध लागू पडतं.

राहिलं एक, आणि ते तुमच्या 'अनावश्यक' या शब्दाचंच दुसरं टोक आहे. निरोगी चेतापेशीत एन्झाइमविना उपासमार होते आणि विभागणाऱ्या पेशीत होत नाही, तर एन्झाइम काढलेला विषाणू मेंदूतल्या गाठीवर का सोडू नये? गाठीच्या पेशी विभागतात, शेजारच्या चेतापेशी नाहीत. १९९१ मध्ये हे पहिल्यांदा उंदरांवर करून पाहिलं तेव्हा काढलेलं एन्झाइम होतं थायमिडीन कायनेज. विषाणूने गाठीच्या पेशी मारल्या खऱ्या, पण एक अडचण राहिली: तो मेंदूत बेफाम झालाच तर अॅसायक्लोविर चालणार नव्हतं. म्हणून पुढच्या पिढ्यांत रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज निकामी केलं, चेतापेशींतला उपद्रव वाढवणारं आयसीपी-३४.५ हे जनुकही काढलं आणि थायमिडीन कायनेज मुद्दाम शाबूत ठेवलं. २०२१ मध्ये जपानने घातक ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीसाठी, सशर्त मान्यता दिलेला जी-४७ डेल्टा हा विषाणू याच घराण्यातला. त्याच्या अंगात ते 'अनावश्यक' एन्झाइम अजून आहे, म्हणजे वेळ पडली तर त्याला अॅसायक्लोविरने आवरता येतं.